सिंधुबाईची फुंकर

डॉक्टरांनी ‘डांग्या खोकला’ म्हटलं तेव्हा बोराड्यांच्या माणसांना आधी हायसंच वाटलं. चार दिवस झाले, छत्तीस दिवसांची पोर काचेच्या आड नळ्या लावून पडलेली, घरातल्या कोणाच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता, आणि एवढ्या तपासण्या करून निघालं काय, तर खोकला! गोरक्षने तर सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला.

“म्हंजे खोकलाच ना डॉक्टर? आम्हाला वाटलं काळजात भोक-बिक हाय का काय.”

डॉक्टर वयाने लहान होते, पण चार दिवसांत त्यांना या मंडळींची सवय झाली होती. त्यांनी रिपोर्टाची घडी घातली. “खोकला मोठ्यांना असतो हो. एवढ्या लहान बाळाच्या अंगात खोकायची ताकदच नसते. ते श्वास घ्यायचंच थांबतं. तुम्ही आणलंत तेव्हा ती निळी पडली होती ना? ते हेच.”

आता बोला! गोरक्षचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्याचा धाकटा भाऊ रविराज, पोरीचा बाप, भिंतीला टेकून उभा होता, तो तिथल्या तिथे खाली बसला.

“अजून किती दिवस?” त्याने बसूनच विचारलं.

“दहा तरी धरून चाला. रात्री त्रास वाढला तर व्हेंटिलेटर लावावा लागेल. तुम्ही खाली काउंटरवर भेटून घ्या.” काउंटरवर भेटून घ्या म्हणजे काय, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालं होतं. “आणि एक. हा आजार बाळाला मोठ्या माणसाकडून लागतो. मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, घरात कोणाला जुना खोकला आहे का?”

“नाय डॉक्टर. कोणालाच नाय,” गोरक्ष म्हणाला.

खोटं बोलत नव्हता बिचारा. एकलहऱ्याला बोराड्यांच्या अंगणात दहा वर्षांपासून वीजकेंद्रातल्या राखेच्या विटा पडत होत्या. राखेची पोती उतरवायची, चाळायची, त्यात सिमेंट कालवायचं, हे सगळं दारातच. त्या घरात जो तो खाकरत असायचा. विटांचा खोकला, असंच म्हणायचे त्याला, आणि त्या खोकल्याला कोणी आजारात धरत नसे. पाहुणा आला आणि म्हणाला, अहो, खोकला झालाय का, तर हे म्हणणार, छे हो, विटांचा आहे.

दोघा भावांच्या मागे त्यांची आई सिंधुबाई उभी होती. तिच्या गालात लवंग होती. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि तिने पदर तोंडावर धरला.

“मग बाहेरचं कोणी असेल. आठवून बघा,” डॉक्टर म्हणाले. “सुरुवातीच्या चार दिवसांत कळलं तर साध्या औषधावर भागतं. त्यापुढे गेलं की असं होतं.” एवढं बोलून ते आत गेले.

काउंटरवरच्या मुलीने उद्या बारा वाजेपर्यंतची मुदत दिली. पन्नास हजार. आजवरचे नव्वद भरलेले होते, ते वेगळे. मोठी सून स्नेहल मेडिकलच्या दुकानात कामाला, म्हणून कागदपत्रांचं सगळं तिच्याकडे. पहिल्याच दिवशी ती योजनेचं कार्ड घेऊन तीन ठिकाणी फिरून आली होती. जिथे कार्ड चालत होतं तिथे एवढ्या लहान बाळाची खाट रिकामी नव्हती, आणि जिथे खाट होती तिथे कार्ड चालत नव्हतं. म्हणून तर एकलहऱ्याची माणसं शहराच्या या दुसऱ्या टोकाला, गंगापूर रोडला येऊन पडली होती.

पार्किंगच्या कडेला नातेवाइकांसाठी सिमेंटचा कट्टा होता. गोरक्षचा विटांचा टेम्पो चार दिवस तिथेच उभा. टेम्पो उभा म्हणजे दोघा भावांची कमाई उभी. कट्ट्यावर सुलाबाई, वेदिकाची आई, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. सकाळच्या गाडीने ती नांदगावहून आली होती.

गोरक्षने तिला रिपोर्टाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बघितलं ते सिंधुबाईकडे.

“पहिलं बाळंतपण माहेरचं असतंय, विहीणबाई. सातव्या महिन्यात मी न्यायला आले व्हते. तुम्ही म्हणालात, नको, नाशिकला डॉक्टर हाताशी हायेत.”

“हायेतच की हाताशी,” सिंधुबाई पुटपुटली.

“हायेत ना! बघतेय मी सकाळपासून!”

डॉक्टर हाताशी आहेत हे बोलायला बरं होतं, पण खरं कारण वेगळंच होतं आणि ते सिंधुबाईला पक्कं माहीत होतं. तीस वर्षं ती लोकांच्या बाळांना आणि बाळंतिणींना न्हाऊ घालत होती. एकलहरे, नाशिकरोड, देवळालीगाव, आणि आता पार गंगापूर रोडपर्यंत तिचं नाव झालं होतं. जगाच्या पोरांना मी न्हाऊ घालायचं आणि माझ्या नातीला नांदगावात दुसरीच कोणी घालणार? मनात नुसतं आलं तरी तिचा जीव खालीवर व्हायचा.

“सिव्हिलला हलवलं तर?” गोरक्ष म्हणाला. “तिथं खाट झालीय का, स्नेहलने फोन करून बघावा.”

“पोरगी हाय म्हणून का?” सुलाबाई ताडकन म्हणाली. “पोरगा असता तर हलवला असता?”

“काहीपण काय बोलता मावशी! माझीपण पुतणी हाय ती.”

“दादा, डॉक्टर नाय म्हणतेत,” रविराज मध्ये पडला. “रस्त्यात श्वास थांबला तर काय करणार? आता हलवायचं नाय.”

सुलाबाईने पिशवीतून रुमालात बांधलेले वीस हजार काढले आणि जावयाच्या हातात कोंबले. दोन शेरडं विकून आणले होते. रविराजने ते घेतले आणि मान खाली घातली. सासूकडून पैसे घ्यायची वेळ आली, हे त्याला झोंबत होतं आणि न घेऊन चालणारही नव्हतं.

“तीस राहिले,” गोरक्ष म्हणाला, आणि एकदम आईकडे वळला. “आई, पायल मॅडमचं काय झालं? त्या तीन महिन्यांचे एकदम देते म्हणाल्या व्हत्या ना?”

म्हणाल्या होत्या. पायल मॅडम इथून चार गल्ल्या पलीकडच्या मोठ्या सोसायटीत राहायच्या. त्यांचं बाळ एकोणतीस दिवसांचं होतं आणि सिंधुबाईच्या हाताशिवाय शांत व्हायचं नाही. पंचेचाळीस हजार एकदम देते, पण तीन महिने मला सोडून जायचं नाही, असं त्या परवाच बोलल्या होत्या. सिंधुबाईच्या तीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं.

“म्हणाल्यात,” ती म्हणाली.

“झालं मग! उद्या सकाळी आंघोळीला जाशील तेव्हाच घेऊन ये. बाराच्या आत इथं भरतो.” गोरक्षच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी थोडी तकाकी आली. “बघा मावशी. आमच्या आईच्या हाताला कशी किंमत हाय.”

सिंधुबाईच्या घशात खवखव सुरू झाली. तिने लवंग दाढेखाली दाबली, आवंढा गिळला, पण हा खोकला काही गिळला जाणारा नव्हता. “आले मी,” म्हणून ती लगबगीने इमारतीच्या मागे, जनरेटरच्या आडोशाला गेली आणि मग तिला उबळ आली. एकामागून एक, एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शेवटी मघाचा चहाही बाहेर पडला. भिंत धरून ती कशीबशी उभी राहिली.

पाठीवर कोणाचा तरी हात आला. स्नेहल होती. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

“आई, किती दिवस झाले याला?”

“विटांचा हाय गं.”

“विटांच्या खोकल्याने उलटी होत नाही. किती दिवस झाले?”

सिंधुबाईने चूळ भरली. या सुनेशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. नाकासमोर चालणारी, तोंडावर बोलणारी. लग्न झाल्या झाल्या तिने विटांची राख दारातून हलवा म्हणून वाद घातला होता, तेव्हापासून दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं. पण आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

“अठरा,” सिंधुबाई म्हणाली. “आधी सर्दी व्हती नुसती. मग हा लागला. दिवसा काही नसतं, एखादी उबळ येती अन् जाती. रात्री जास्त.”

स्नेहलने बाटलीचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाली, “आई, तुम्ही आंघोळीनंतर बाळाच्या नाकात फुंकर घालता.”

सिंधुबाई जनरेटरच्या ओट्यावर मटकन बसली. घालते म्हणजे काय, रोज घालते! तिच्या सासूने, नवसाबाईने तिला शिकवलेलं ते. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी. मग उताणं करायचं, आणि नाकात गेलेलं पाणी निघावं, नाक सरळ व्हावं म्हणून ओठ अगदी जवळ नेऊन दोन्ही नाकपुड्यांत हळूच फुंकर घालायची. मग दोन्ही कानांत. बाळ दचकतं, डोळे मिटतं, आणि बघणाऱ्या बाया हसतात. सिंधुबाईच्या फुंकरीने बाळाला शांत झोप लागते, असं त्या एकमेकींना सांगायच्या.

“म्हंजे मीच,” ती म्हणाली. “मीच घातला माझ्या नातीच्या नाकात.”

“तुम्हाला काय माहीत होतं?” स्नेहल तिच्या शेजारी बसली. “पण आता माहीत झालंय. डॉक्टरांना सांगायला हवं. घरातल्या सगळ्यांनी गोळ्या घ्यायला हव्यात. आणि आई...”

“बोल.”

“तुम्ही आज सकाळी कामावर गेला होतात.”

सिंधुबाईने तिच्याकडे बघितलं. पायल मॅडमचं बाळ. आणि देवळालीगावातलं गुलजारबीच्या सुनेचं, फलकचं. पोर आजारी असताना घरं सोडली तर पैसा कुठून येणार, म्हणून चारही दिवस पहाटे उठून ती दोन्हीकडे जाऊन आली होती. दोन्हीकडे हात स्वच्छ धुतले होते. तोंडात लवंग धरली होती. आणि दोन्हीकडे फुंकर घातली होती.

“फलकच्या रय्यानला सव्वा महिना झाला नाय अजून,” ती म्हणाली. “दीड महिन्याची सुई पण व्हायचीय.”

“मी डॉक्टरांना सांगून येते,” स्नेहल उठली. “बाकीचं तुम्ही ठरवा. मी तुम्हाला सांगणार नाही.”

सिंधुबाई एकटीच तिथे बसून राहिली. काय ठरवायचं ते तिला चांगलं कळत होतं. सांगितलं तर पंचेचाळीस हजार गेले. नुसते तेवढेच नाही, कामच गेलं, कारण कोणती आई उद्यापासून आपलं बाळ तिच्या पायांवर ठेवणार? आणि नाही सांगितलं तर! तिच्या डोळ्यांपुढे नातीचं निळं पडलेलं तोंड आलं. ती उठली आणि कट्ट्याकडे गेली.

तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. अठरा दिवस, फुंकर, दोन घरं. काही झाकलं नाही.

पहिल्यांदा आवाज फुटला तो सुलाबाईला. “अगं बाई! आणि मला वाटलं माझ्या पोरीच्या अंगात दूध नाय म्हणून बाळ सुकलं! घरात खोकल्याचं माणूस, आणि आम्हाला सांगतेत डॉक्टर हाताशी हायेत!”

“मावशी, हळू बोला,” गोरक्ष म्हणाला.

“का हळू बोलू? हिच्या हौशीपायी माझी नात...” पुढचं तिच्याच्याने बोलवलं नाही. पदरात तोंड घालून ती रडायला लागली. सिंधुबाई ऐकत उभी राहिली. एक शब्दही खोटा नव्हता त्यातला.

रविराज आईकडे टक लावून बघत होता. त्याच्या नजरेला नजर द्यायची तिला हिंमत झाली नाही.

“मी पायल मॅडमला फोन करते,” ती म्हणाली. “अन् गुलजारबीला.”

“थांब,” गोरक्षने तिचा हात धरला. “आत्ता नको. उद्या सकाळी जायचंच नाय तू, तब्येत बरी नाय म्हण. मी जातो, पैसे घेतो, इथं भरतो. मग परवा सांग. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?”

“अरे, पण...”

“पण काय? मी त्यांना फसवा म्हणत नाय. दोन दिवस उशिरा सांग म्हणतो. बिनाकामाचे पैसे परत देऊ की सावकाश.”

“दादा बरोबर बोलतोय, आई,” रविराज म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. “रात्री व्हेंटिलेटर लावायचा म्हटलं आणि पैसे नसले तर? मला फक्त माझी पोर पाहिजे. दुसरं काही मला कळत नाय.”

हाच रविराज शाळेत असताना दुसऱ्याची पेन्सिल घरी आली तर ती द्यायला उलट पावली जायचा.

आणि गंमत बघा, आता सुलाबाईनेही डोळे पुसले आणि मान वर केली. “जावईबापू बरोबर बोलतेत. त्या मोठ्या घरच्या बाया. त्यांच्या पोरांना चार डॉक्टर येतील. आधी आपली पोर वाचवा.” पाच मिनिटांपूर्वी जी सिंधुबाईला उभी जाळत होती ती आता तिला गप्प बस म्हणून विनवत होती. तिघं एका बाजूला झाले आणि सिंधुबाई एकटी पडली.

तिलाही मोह झाला नाही असं नाही. खोटं कशाला सांगा? दोनच दिवस तर होते. तीस वर्षांचं नाव आणखी दोन दिवस टिकलं असतं, आणि नातीचा श्वासही. पण डॉक्टरांचं बोलणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. सुरुवातीच्या चार दिवसांत कळलं तर.

“गोरक्ष, आपल्या पोरीच्या बाबतीत आपल्याला दोन दिवस आधी कळलं असतं तर?” तिने विचारलं.

गोरक्षने तिचा हात सोडला.

तेवढ्यात जिन्यावरून स्नेहल खाली आली आणि तिच्या मागून वेदिका. पोरीची आई. चार दिवस ती वर काचेपाशीच होती, दूध काढून आत द्यायची आणि पुन्हा काचेला चिकटायची. तोंड पार उतरलेलं, केसांना कंगवा नाही. डॉक्टरांपुढे स्नेहल बोलत होती तेव्हा तीही तिथेच असणार, कारण खाली आली ती सरळ सासूसमोर येऊन उभी राहिली.

“आई, आज सकाळीपण फुंकर घातलीत?”

“घातली,” सिंधुबाई म्हणाली.

सुलाबाई वेदिकाला जवळ घ्यायला उठली, तर तिने आईचा हात बाजूला केला.

“मला तुमचं तोंड बघायचं नाही आत्ता,” ती सासूला म्हणाली. “नंतरचं नंतर बघू. पण फोन लावा. त्या दोघींना अजून काहीच माहीत नाही.”

“वेदिका, अगं पैसे...” रविराज म्हणाला.

“मला माहितीय पैशाचं. तुम्ही बघा पैशाचं.” एवढं बोलून ती आल्या पावली जिना चढून गेली.

स्नेहलने वरून आणलेला मास्क सासूच्या हातात दिला. सिंधुबाईने तो लावला, पिशवीतून फोन काढला आणि पायल मॅडमचा नंबर लावला.

“हां, आजी बोला! कशी आहे नात?” पायल मॅडमचा आवाज नेहमीसारखा गोड होता. त्या गोडव्याने सिंधुबाईला आणखीच कानकोंडं झालं. तिने एका दमात सांगून टाकलं.

“किती दिवस खोकला होता तुम्हाला?”

“अठरा.”

“आणि तुम्ही माझ्या बाळाच्या तोंडाजवळ तोंड नेत होतात. रोज.”

“व्हय ताई. मला माहीत नव्हतं. विटांचा वाटला. तुम्ही आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना दाखवा. लवकर औषध दिलं तर...”

“विटांचा? म्हणजे काय, विटांचा?” मग मागे कोणा पुरुषाचा आवाज, काय झालं, काय म्हणतेय ती, आणि फोन त्यांनी घेतला. ते काय काय बोलले ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. माझ्या मुलाला काही झालं तर सोडणार नाही म्हणाले, सोसायटीच्या ग्रुपवर तुझा फोटो टाकतो म्हणाले. सिंधुबाई ‘व्हय साहेब, व्हय साहेब’ करत राहिली. फोन बंद झाला तरी तिने तो कानालाच धरून ठेवला होता.

“दाखवतील ना पण डॉक्टरला?” स्नेहलने विचारलं.

“दाखवतील. गाडीची चावी मागत व्हते ते.”

गोरक्षने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. आईवर चिडायचं की काय करायचं, त्यालाच कळत नव्हतं. तो उठून टेम्पोपाशी गेला, त्याच्या फाळक्यावर हात ठेवून उभा राहिला आणि मग त्याने खिशातून फोन काढला.

“अण्णा, गोरक्ष बोलतोय. त्या शिंद्याच्या पाहुण्याला टेम्पो विकत पाहिजे व्हता ना? अजून पाहिजे का? नाय, नाय, सांगतो नंतर. उद्या सकाळी रोख देत असंल तर बोलव त्याला.”

रविराजने मान वर केली. “दादा, विटा कशानं टाकणार मग आपण?”

“टाकू डोक्यावरून,” गोरक्ष म्हणाला. “गप बस तू.”

सिंधुबाईला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. हा टेम्पो घ्यायला त्याला सात वर्षं लागली होती. पण अजून एक फोन राहिला होता, आणि तो तिला जास्त अवघड होता. पायल मॅडमला ती महिनाभर ओळखत होती, गुलजारबीला तीस वर्षं. फलकचा नवरा हनीफ, त्याला पण सिंधुबाईनेच न्हाऊ घातलं होतं. गुलजारबी देईल ते घ्यायचं, नाही दिलं तर विचारायचं नाही, असा तिथला हिशेब.

“सिंधुबाय? बोल गं. पोरगी कशी आहे तुझी? मैं दुआ कर रही हूं रोज.”

“गुलजार, रय्यान कसा हाय?”

“अच्छा है. जरा नाक वाहतंय कालपासून. दूध पिताना थकतोय बस. थंडी पडली ना.”

बाजूला स्नेहल होती, तिला आवाज ऐकू जात होता, तिने सिंधुबाईचं मनगट घट्ट धरलं. सिंधुबाईने सांगितलं. पायल मॅडमला सांगितलं त्यापेक्षाही उघड सांगितलं. माझ्यामुळे झालं, गुलजार, माझ्या फुंकरीने माझ्या नातीला झालं, आणि आता तुझ्याकडेही आला असेल.

पलीकडून शिवी येईल म्हणून ती वाट बघत होती. गुलजारबीने मोठ्याने हाक मारली, “हनीफ! ए हनीफ! रिक्षा काढ!” आणि फोनवर आवाज खाली आणून विचारलं, “सिंधू, कितना लगेगा? घरात दोन हजार आहेत.”

सिंधुबाईने स्नेहलकडे बघितलं. स्नेहल कुजबुजली, “आत्ता आले तर डॉक्टर बघून औषध देतील. ठेवून घ्यावं लागलंच तर बघू. औषध दोनशेचं असतं, आई.”

“आत्ता आलीस तर तपासणी आणि दोनशेचं औषध,” सिंधुबाई फोनमध्ये म्हणाली. “दोन दिवसांनी आलीस तर रिक्षा विकावी लागंल. ये तू. इथंच ये, मी दारात उभी हाय.”

फोन ठेवला तसा तिला पुन्हा खोकला आला. या वेळी ती आडोशाला गेली नाही. सगळ्यांपासून लांब जाऊन, मास्क दाबून, भिंतीकडे तोंड करून खोकत राहिली. उबळ ओसरली तेव्हा सुलाबाई तिच्यापासून चार हातांवर उभी होती. तिचा राग गेला नव्हता, तो तोंडावर तसाच होता.

“त्यांना पुन्हा फोन करा,” ती म्हणाली. “पोराला दुपट्यात नीट गुंडाळा म्हणावं. रिक्षात वारं लागतंय.”

देवळालीगावाहून यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात स्नेहलने डॉक्टरांना सांगून ठेवलं, गोळ्यांची पाकिटं आणून ज्याच्या त्याच्या हातात दिली, आणि रविराज वर काचेपाशी जाऊन आला. व्हेंटिलेटरचं अजून ठरलं नाही म्हणाला. सिंधुबाई फाटकात उभी होती. प्रत्येक रिक्षा वळली की ती पुढे होऊन बघायची.

हनीफची रिक्षा आली तेव्हा दिवे लागले होते. तो गाडी बंद करायच्या आतच फलक खाली उतरली. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पिशवी, फाइल, आणि घाईत एक चप्पल रिक्षातच राहिलेली. तिने सिंधुबाईला बघितलं आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला. महिनाभर रोज सकाळी दार उघडलं की ती हेच करायची. आताही तिने तसंच केलं. दुपट्यात गुंडाळलेला रय्यान तिने दोन्ही हातांनी सिंधुबाईच्या पुढे धरला.

सिंधुबाईचे हात आपसूक वर आले. मग तिने ते मागे घेतले, पदराखाली एकात एक धरले आणि दोन पावलं मागे सरकली.

“माझ्याकडं नको, फलक,” ती म्हणाली. “स्नेहलकडं दे.”